दोऱ्याने तपासलेली सायकल

मुलांनो, अशी सायकल डोळ्यांसमोर आणा, जिचा सांगाडा मोडला तर हाडासारखा आपोआप जुळून येतो. इचलकरंजीतली हर्षला अशाच सायकलवरून वळणावर पडली. तिचा गुडघा खरचटला, सायकलच्या नळीला तडा गेला. हँडलवर पिवळा दिवा लागला. दहा मिनिटांत तडा भरून येणार होता.

"चला, आपोआप होईल," मैत्रीण शाहीन म्हणाली.

"वाकडी जुळली तर जन्मभर वाकडीच राहील गं! उद्या शर्यत आहे. दिव्याला तडा कळतो, वाकडेपणा नाही. धर हे दोऱ्याचं टोक," हर्षला म्हणाली.

बाबांच्या मागावरचं सूत तिच्या दप्तरात होतं. तिने मागच्या चाकाच्या एका बाजूने दोरा पुढच्या नळीवरून वळवून दुसऱ्या बाजूला आणला. मधल्या नळीपासून दोऱ्याचं डावीकडे एक बोट अंतर होतं, उजवीकडे दोन; म्हणजे सांगाडा वाकला होता.

जुळत असलेली नळी अजून मऊ होती. शाहीनने मागचं चाक धरलं, हर्षलाने पाय रोवून ओढलं.

"झाली की सरळ, हाडवैद्यीणबाई!" शाहीन म्हणाली.

एकच मिनिट उरलं होतं, तरी हर्षलाने पुन्हा तसाच दोरा ताणून पाहिला. दोन्हीकडे दीड-दीड बोट! हिरवा दिवा लागला. तेव्हा कुठे तिने आपल्या गुडघ्यावरचं रक्त पुसलं.