टाचेचा आवाज

सूरजबाईनं पैंजण काढून ओढणीच्या टोकात गुंडाळले, माळ्याचं दार लोटलं आणि पाय जुळवले. दुपारचे दोन वाजले होते. खाली दुकानात नवरा केवलचंद आणि सासरे गादीला टेकले होते. सासू लाडकुंवर मागच्या खोलीत आडवी झाली होती. पाचोऱ्यातल्या या घरात दिवसाकाठी एवढाच अर्धा तास तिचा होता.

लग्नाआधी भुसावळला रेल्वेतल्या एका मडमेनं तिला बॅले नावाचा नाच दोन वर्षं शिकवला होता. त्यातल्या मोठ्या उड्यांना इथं वावच नव्हता. एका अंगाला सरकीची पोती, दुसऱ्या अंगाला उतरतं छप्पर, मधे चार फळ्या. तिथं फक्त लहान उड्या मावायच्या, उभ्या जागी घ्यायच्या.

गुडघे वाकवून वर जायचं. उतरताना आधी बोटं, मग चवडा, शेवटी टाच. पण तिचे हात पायांच्या मागे राहायचे. पाय टेकले की मग हात खाली यायचे, अंगाला हिसका बसायचा आणि उजवी टाच फळीवर धपकन वाजायची. मग ती श्वास रोखून खालचा कानोसा घ्यायची. आठ महिने असेच गेले. या सोमवारी मात्र हात आणि गुडघे एकाच श्वासात हलले. फळी करकरलीसुद्धा नाही.

आज तिनं सलग सोळा उड्या घेतल्या. सतराव्या उडीला दार उघडलं.

लाडकुंवर उंबऱ्यात उभी होती. जिना चढून तिला धाप लागली होती. तिची नजर सुनेच्या मोकळ्या घोट्यांवर गेली. सूरजबाईनं झटकन घुंघट ओढला.

"चुकलं, सासूजी. पुन्हा नाही करणार."

"आठ महिने ऐकते आहे मी," लाडकुंवर म्हणाली. "आधी दोन्ही टाचा वाजायच्या. नंतर उजवी एकटी."

सूरजबाईनं घुंघटाआडून स्वतःच्या उजव्या टाचेकडे पाहिलं.

"चार दिवस झाले, काहीच ऐकू येत नाही. आज राहवलं नाही, म्हणून वर आले."

"आता नीट जमतंय, म्हणून आवाज होत नाही. टाच वाजली तर ती चूक असते."

लाडकुंवर एका पोत्यावर बसली. कपाळावरचा घाम तिनं पुसला.

"तुझ्या आधीची बीनणी पण याच माळ्यावर यायची," ती हळू म्हणाली. "रडायची. मला खाली ऐकू यायचं. मग एक दिवस आवाज बंद झाला. मला वाटलं, रमली एकदाची. मी वर आलेच नाही."

केवलचंदच्या पहिल्या बायकोचं नाव या घरात कुणी काढत नसे. सूरजबाईची नजर नकळत वर आढ्याकडे गेली.

"वाजू दे टाच," लाडकुंवर उठत म्हणाली. "पुरुषांनी विचारलं तर सांगेन, उंदीर झालेत."

ती जिना उतरू लागली. शेवटच्या पायरीवर तिची पावलं थांबली. पुढे गेली नाहीत.

सूरजबाईनं पाय जुळवले, हात सावरले, उडी घेतली, आणि उतरताना उजवी टाच मुद्दाम फळीवर आपटली.

खालची पावलं चालू लागली.