वारा लागू नये म्हणून

चढावर मोटारनं पुन्हा मान टाकली, तशी मुखरूनं खाली उडी मारली आणि मागून खांदा लावला.

"जोर लाव, मुखरूभाऊ!" ड्रायव्हर नूर मोहम्मद ओरडला. "कोळशावरची गाडी हाय, पेट्रोलवरची नाई!"

हे मुखरूला कुणी सांगायला नको होतं. तिकडं कुठं सुएझचा कालवा बंद पडला आणि इकडं आलापल्लीच्या जंगलातल्या आरागिरणीची मोटार पांगळी झाली. पेट्रोल महागलं, वर मिळेना. मालक गुणवंतराव हात बांधून बसणारे नव्हते. त्यांनी लढाईच्या काळातला एक ड्रम भंगारातून काढून मोटारच्या हौद्यात बसवला. त्यात लोणारी कोळसा धुमसत ठेवायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचं. चालायचं ते, पण बैलाच्या चालीनं.

आज त्याच हौद्यात, ड्रमशेजारी भाताच्या तणसावर, गिरणीवरच राबणाऱ्या मुखरूची बायको सोनीबाई होती. काल दुपारपासून बाळंतपणात अडली होती. "चांद्याच्या दवाखान्यात न्या, नाई तं मायलेकरं दोन्ही हातचे जातीन," असं सुईण रुखमाबाईनं पहाटे सांगितलं आणि स्वतःच आधी गाडीत चढून बसली. याआधीची दोन लेकरं मुखरूनं आपल्या हातांनी पुरली होती. त्याचा जीव टांगणीला लागला होता.

त्यात पौषातली थंडी. परवाच गिरणीच्या बंद शेडमध्ये मोटारचा ड्रम पेटवून ठेवला होता, तर हिशेब लिहिणाऱ्या मुनशीचा पिंजऱ्यातला पोपट तिथंच ताठ होऊन पडला. थंडीनं गेला बिचारा, म्हणून सगळे हळहळले. मुखरूनं ते ध्यानात ठेवलं होतं. निघताना त्यानं हौद्यावर ताडपत्री ओढली, चारी बाजूंनी दोरीनं आवळली आणि फटींमध्ये पोती कोंबली.

वैनगंगेच्या पात्रात घोडं अडलं. वाळूवर अंथरलेल्या बांबूच्या तट्ट्यांच्या वाटेत धानाच्या बैलबंडीचा आख मोडला होता. मागं बंड्यांची रांग लागलेली.

"इंजन बंद करतो," नूर म्हणाला, "पण ड्रम इझवाचा नाई. पुन्हा पेटवाले अर्धा घंटा जाते. धुमसू दे. बायांनाही शेक भेटन."

मुखरू बंडी उचलायला धावला. अर्ध्या तासानं परत येऊन त्यानं ताडपत्रीचा कोपरा सैल केला.

"रुखमाबाई, कसं हाय?"

"माहं डोकं जड झालं, बाबा. झोप येऊन राह्यली," रुखमाबाई जडावलेल्या जिभेनं म्हणाली. "हे आताच गप झाली. निजू दे तिले."

मुखरूनं वाकून पाहिलं. कालपासून राखेसारख्या दिसणाऱ्या सोनीबाईच्या गालांवर लाली चढली होती. त्याला हायसं वाटलं. शेक लागला तर! त्यानं ड्रमचं झाकण उघडून टोपलंभर कोळसा ओतला, कोपरा पुन्हा गच्च बांधला आणि बंडीकडे गेला. वाट मोकळी व्हायला आणखी तास लागला.

पुढचा सगळा रस्ता मागून कण्हणं आलं नाही. मुखरूला कित्येक दिवसांनी हसू फुटलं.

"पोरगा झाला तं नाव माहं ठेवजो," नूर म्हणाला.

"तुह्यं काऊन? गाडीचं ठेवीन. कोळसू!"

चांद्याच्या दवाखान्यापुढं मोटार थांबली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मुखरूनं दोऱ्या सोडल्या. दोघी एकमेकींना टेकून निजल्या होत्या. दोघींचे गाल गुलाबी.

"ऊठ न वं, आलो आपण," मुखरू म्हणाला.

डॉक्टर हौद्यात चढले. त्यांनी सोनीबाईचं मनगट धरलं, पोटाला नळी लावली. मग रुखमाबाईचंही मनगट धरलं. त्यांची नजर धुमसत्या ड्रमवर गेली आणि तिथंच खिळली.

"ही ताडपत्री कोणी बांधली?"

"म्याच, साहेब!" मुखरूनं छाती पुढं काढून सांगितलं. "पोतेही कोंबले. वाऱ्याले शिरायले बोटभर फट ठेवली नाई."

डॉक्टरांनी आधी सोनीबाईच्या, मग रुखमाबाईच्या गुलाबी चेहऱ्यावर पदर ओढला.