कानामागचा डाग

"हलू नकोस म्हटलं ना!" म्बुकेने लेकीचा कान चिमटीत धरून पुढे ओढला. "आहे तेवढाच आहे."

"नीट बघ, आई. काडी लावून बघ."

म्बुकेने आगपेटीतली काडी मिंझाच्या कानामागच्या लालसर खवल्याशेजारी धरली. मागच्या रविवारी तो काडीच्या गुलाएवढा होता. आज गुलाच्या बाहेर आला होता. तिने काडी मिंझाच्या हातात दिली आणि डाग कुठवर आला ते नखाने दाखवलं.

बाकी अंग मिंझाने स्वतःच आरशात तपासलं होतं. नाक, ओठ, गळा, हात. जन्मापासून कातडी पांढरी, केस पिवळे. एकोणीस वर्षांत उन्हाने तिला एकदाही माफ केलं नव्हतं.

आज तीन महिन्यांनी कातडीच्या दवाखान्याची गाडी आली होती.

"सिस्टर 'गाडीत बस' म्हणाली तर?"

लिओकाडिया सिस्टर एरवी बडबडी. कॅन्सरसारखं वाईट काही दिसलं की मात्र एवढंच म्हणायची आणि माणसाला थेट म्वान्झा शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्यायची. मिंझाची मैत्रीण कुलवा अशीच गाडीत बसली होती. तिच्या आईकडे परत आली ती फक्त टोपी.

"सुतावरून स्वर्ग गाठू नकोस," म्बुके म्हणाली. "चल. आमच्या काळ्या कातडीचं बरं बाई, ऊन पिते आणि ढेकर देते!"

मिंझा टोपी घालून, मापाची आगपेटी मुठीत धरून भराभर निघाली. आई मागेच.

"पाय उचल गं! गाडी जाईल!"

"उचलते की. गोठ्याच्या कुंपणाचा काटा मोडलाय टाचेत. पावसाळ्यापासून निघेना मेला."

"थांब, सुईने काढते."

"आधी तुझा कान. माझा काटा कुठे पळून जातोय?"

आंब्याखाली रांग होती. मिंझाचा नंबर आला तशी तिने टोपी काढून कान पुढे केला. सिस्टरने भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

"कधीपासून आहे?"

"दीड महिना."

"वाढतोय?"

"हो."

"रक्त?"

"नाही."

सिस्टरने पुन्हा भिंग लावलं. मिंझाने डोळे गच्च मिटून घेतले. आता म्हणेल. आत्ता म्हणेल.

"अगदी वेळेवर आलीस, पोरी!" सिस्टर हसली. नळीतून डाग गोठवणारी गार वाफ फुस्सकन सुटली, कान चरचरला. "झालं. खपली धरेल आणि पडेल. दर रविवारी अशीच बघत जा."

म्बुकेला रडू आणि हसू एकदमच आलं. तिने सिस्टरचे दोन्ही हात धरले, लेकीच्या पाठीत एक लाडाचा धपाटा घातला. "जीव घेतलास कार्टे माझा!"

मग सामान आवरणाऱ्या सिस्टरला ती हळूच म्हणाली, "आलेच आहे तर एवढा काटा काढता का? हिच्या हातात सुई दिली तर मलाच घरभर नाचवेल."

"दाखवा, मावशी. काट्याची फी म्हणून एक पपई द्यायची हं!"

म्बुकेने चप्पल काढून पाय स्टुलावर ठेवला. सिस्टरने ओल्या कापसाने टाच पुसली. माती निघाली. खालचा काळा डाग निघाला नाही. तिने पुन्हा पुसलं. मग भिंग उचललं.

"कधीपासून आहे?"

"पावसाळ्यापासून."

"वाढलाय?"

"आत सरकला असेल हो, काटाच तो."

"रक्त?"

"चपलेला लागतं कधीमधी."

आगपेटी पिशवीत टाकता टाकता मिंझाचा हात थांबला.

सिस्टरने हातमोजे काढले.

"मावशी," ती म्हणाली, "गाडीत बसा."