तिसरा प्रयत्न

"नर्सिंगच्या परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालीस. आता पुरे," वृषालीचा नवरा निरंजन शर्टाची बटणं लावत म्हणाला. "आज तू गेलीस तर आईचं कोण करणार?"

वृषालीने परीक्षेचं हॉलतिकीट पर्समध्ये ठेवलं. यंदा तिने नुसतं पाठांतर केलं नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंजवळ बसून ती रोज प्रश्न मोठ्याने वाचायची. उत्तर बरोबर आलं तरी सासूबाई सोडायच्या नाहीत. "बाकीचे तीन पर्याय का चूक, ते सांग."

आताही आतल्या खोलीतून त्यांचाच आवाज आला. "निरंजन, माझं तू कर. आई तुझी आहे, तिची नाही."

निरंजन चरफडला. "आणि पुन्हा नापास झालीस तर?"

"चौथ्यांदा बसेन," चपला घालत वृषाली म्हणाली. "डायपर कपाटात आहेत. दुपारी त्यांची कूस बदलायला विसरू नकोस."