बाबांच्या बुटांच्या नाड्या

बाबा ट्रक चालवायचे. संध्याकाळी घरी आले की बूट न काढताच गुडघे टेकायचे, "प्रभू, सोडव मला!" मी तेव्हा बालवाडीत, मला वाटायचं, बूट चावतायत बिचाऱ्यांना! मग मीच मागे बसून नाड्या सोडवायचे. आई डोळे पुसत हसायची, "अगं वेडाबाई, त्यांना दारूपासून सुटायचंय!" काल चर्चमध्ये बाबा पहिल्यांदाच साक्ष द्यायला उभे राहिले. "प्रार्थनेनंतरही पाय गुत्त्याकडेच वळायचे. पण नाड्या सुटलेल्या! बांधायला वाकलो की वाटायचं, मी सुटका मागितली आणि प्रभूने माझ्याच पोरीला धाडलं. मग बूटच काढून ठेवायचो. हळूहळू त्यानं मला पुरतं मोकळं केलं." सगळे हसले; आई तेवढी रडली. घरी आल्यावर बाबांनी पाय पुढे केला. "वेडाबाई, विसरलीस?" एवढी घोडी झालेय मी, तरी फतकल मारून जमिनीवर बसले.