ऑसीची निवडक हत्यारं

सिस्टर कॉरिगनने खोक्यातून आधी छाटणीची कात्री उचलली.

"ऑसी राजा, धारदार वस्तू इथे चालत नाहीत. दारावर नियम लिहिलाय."

"सिस्टर, मी त्र्याऐंशी वर्षांचा आहे. कुणाला भोसकायचं तर आधी खुर्चीतून उठावं लागेल. तोवर तो माणूस चहा पिऊन परत येईल."

सिस्टर खळखळून हसली. कात्री तरीही कपाटात गेली.

ऑसी ट्रेवास्किसच्या शेडमध्ये एक्केचाळीस हत्यारं होती आणि वृद्धाश्रमात एकच खोका आणायची मुभा. तीन आठवडे तो निवडत बसला. बायकोला, मर्लला, त्याने एका नाचात पसंत केलं होतं. इथे मात्र एकेका हत्याराशी तास तास बोलणी चालायची. या कात्रीने त्याने म्हणे अंगावर झेपावलेला साप हवेतच कापला होता आणि त्याच संध्याकाळी मिशी कातरली होती. ही गोष्ट सांगायला लागला त्या पहिल्या वर्षी साप वीतभर होता. पण साप काय, वाढतातच.

कात्रीमागोमाग जाड फांद्यांसाठीची लांब दांड्याची कात्री गेली. मग करवत. मग पाती पुसायची स्पिरिटची बाटली.

"ही कशाला? एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून असते ती!"

"इथे कुणीतरी पिऊन टाकेल."

"कोण?"

सिस्टरने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

खोक्यात कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे तेवढे उरले.

हा सगळा खटाटोप एका झाडासाठी होता. मर्लने स्वयंपाकघराच्या दाराशी लावलेला लाल गुलाब. मर्ल जाऊन सहा वर्षं झाली होती. लेकीने ते झाड मुळांच्या गड्ड्यासकट आणून आश्रमाच्या वाफ्यात, ऑसीच्या खिडकीखाली लावलं होतं. दर जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, ऑसी ते गुडघ्याएवढं छाटायचा. फांदीवर बाहेरच्या बाजूला बघणारा कोंबाचा डोळा शोधायचा आणि त्याच्या जरा वर तिरका काप द्यायचा. शेजाऱ्याचं वाढलेलं झाड दिसलं की कुंपणावरून ओरडायचा, "न छाटलेला गुलाब म्हणजे बिनअंघोळीचा माणूस रे!"

सिस्टर वाईट नव्हती. तिने कात्रीसाठी वरच्या कचेरीला अर्ज पाठवला. तो ऑगस्ट होता. ऑसी रोज सकाळी विचारायचा, "आलं का उत्तर?" ख्रिसमस गेला, ईस्टर गेला, जुलै उजाडला. उत्तर नाही.

आला तो कोवाल्ड, बागेचा ठेकेदार. त्याच्या हातात कुंपणं भादरायचं यंत्र होतं. चाळीस गुलाबांच्या रांगेवरून ते घरघरत निघालं. फांद्या चिंधड्या होऊन उडत होत्या. काठी टेकत ऑसी बाहेर आला.

"दोस्ता, तुझी कात्री दे. एक झाड मी करतो. एकच."

"कसली कात्री, आजोबा? जेवणाच्या सुट्टीआधी मला अजून सहा आश्रम उरकायचेत."

आयुष्यभर गोळा केलेल्या हत्यारांपैकी हाताशी एकही नव्हतं. तो खोलीत गेला, हातमोजे घालून परत आला, वाफ्यात शिरला आणि त्याने मर्लच्या झाडाला सरळ मिठी मारली. काटे हातमोज्यात रुतले, गालाला लागले.

"हात काढा! बोटं जातील!"

"जाऊ देत."

कोवाल्डने चाळिसातली एकोणचाळीस झाडं उरकली, तंबाखू वळून ओढली, पुन्हा एकदा बघितलं. म्हातारा तसाच. गवतावर दहिवर गोठलेलं होतं. "या आश्रमात डोकं तपासून घेत नाहीत वाटतं," असं म्हणत त्याने गाडी सुरू केली.

दोन तासांनी ऑसीला तिथून सोडवलं तेव्हा त्याचं कंबरडं गेलं होतं. तो पलंगाला खिळला. झाड तर छाटायचंच राहिलं. हेच त्याला कंबरेपेक्षा जास्त दुखायचं. खिडकीच्या काठावर झाडाच्या काड्या रोज थोड्या वर चढायच्या आणि ऑसी भिंतीकडे तोंड फिरवायचा. "मर्ल बघत असेल तर म्हणेल, मला अशी पारोशी ठेवलीस!"

ऑक्टोबरात एका सकाळी सिस्टर धावत आली. एका हातात कागद, दुसऱ्या हातात कात्री.

"परवानगी आली! चौदा महिन्यांनी का होईना! सांग ऑसी, कुठे कापू? तू इथून बोट दाखव, मी बाहेर जाऊन कापते."

ऑसी सावकाश खिडकीकडे वळला. बाहेर एकोणचाळीस गुलाब फुलले होते, असं सगळे सांगत. पलंगावरून त्यातलं एकही फूल दिसत नव्हतं. सगळी खिडकीच्या काठाखाली. मर्लचं एकटं झाड काचेच्या मध्यापर्यंत उंच गेलं होतं, आणि न छाटलेल्या झाडाला येतात तशी त्याची सगळी फुलं अगदी शेंड्याला आली होती. सात. लालभडक. वाऱ्याने काचेला लागत होती.



"सिस्टर," तो म्हणाला, "ती कात्री कपाटात ठेव. आणि कुलूप लाव."