सांध्यातली फट

लाईल ब्रँडवोल्डने भिंग खाली ठेवलं, डोळे चोळले आणि ते पुन्हा उचललं. खोक्याच्या मागच्या बाजूने प्लास्टिकच्या वेष्टनाचा आडवा सांधा गेला होता. कारखान्यातला सांधा सलग असतो. याच्यात डाव्या टोकाला केसाएवढी फट होती.

"पुन्हा गुंडाळलेलं आहे," तो म्हणाला. "कारखान्याचं वेष्टन नाही हे."

टेबलाभोवती जमलेली माणसं हळहळली. मिलवॉकीच्या त्या हॉलमध्ये वर्षातून दोनदा जुन्या व्हिडिओ गेमचा बाजार भरायचा, आणि सीलबंद खोकं अस्सल की नाही याचा निवाडा लाईलच्या टेबलावर व्हायचा. वीस वर्षांत त्याचा शब्द कुणी खोटा पाडला नव्हता.

समोर दोन भाऊ उभे होते. थोरला कर्ट, धाकटा डेनी. डेनीने खास इस्त्रीचा शर्ट घातला होता. हिवाळ्यात त्यांची आई गेली, तिच्या कपाटात हे खोकं निघालं. डेनीच्या अकराव्या वाढदिवसाला बाबांनी एक गेम आणला होता आणि आजीनेही नेमका तोच. आजीचा फोडला. बाबांचा दुकानात परत करायचा होता, तो राहूनच गेला. पस्तीस वर्षांनी त्याला सोन्याचं मोल आलं होतं.

"आईने तर याला हातही लावला नाही," कर्ट म्हणाला. मग तो सावकाश भावाकडे वळला. "पण तू राहत होतास त्या घरात."

"कर्ट, नाही रे. मी नाही."

"आईचं शिवणयंत्र कुणी विकलं? बाबांची हत्यारं कुणी विकली? सीलबंद खोक्याला गिऱ्हाईक असतं, हे आईला तूच सांगितलं होतंस. खरं विकून खाल्लंस आणि तिला कळू नये म्हणून हे दुसरं गुंडाळून ठेवलंस!"

डेनी नशेच्या गोळ्यांच्या नादी लागला होता, ते दिवस आता मागे पडले होते. चार वर्षं त्याने कशाला हात लावला नव्हता. आईला पुरल्यानंतर कर्ट त्याला रविवारच्या जेवणाला बोलावू लागला होता. कर्टच्या मुली आत्ता कुठे त्याला काका म्हणायला लागल्या होत्या.

"तुम्ही सांगा ना याला," डेनी लाईलला म्हणाला. "दुकानातूनच असं आलं असेल, असं नाही का होऊ शकत? रसीनच्या हॉफस्टेटरमधून घेतलं होतं बाबांनी."

दुकानाचं नाव लाईलला सांगायची गरज नव्हती. फट दिसली तेव्हाच त्याने ओळखलं होतं. निवाडा सवयीने तोंडून निघून गेला, पुढचं त्याने गिळलं.

एकोणीस वर्षांचा असताना तो त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत कामाला होता. गिऱ्हाइकांनी फोडून परत आणलेले गेम पुसायचे, प्लास्टिकमध्ये घालायचे, यंत्राच्या तापलेल्या पट्टीने चिकटवायचे आणि नवे म्हणून पुढे मांडायला द्यायचे. मालकाचा तसा हुकूमच होता. पट्टीला डाव्या टोकाशी एक खाच पडली होती, तिथे प्रत्येक सांध्यात फट राहायची. पुढे दुकान बुडालं, यंत्र भंगारात गेलं, तेव्हा डेनी शाळेत होता. हे खोकं त्याच्या बाबांनी विकत घेतलं तेव्हाच ते एकदा फुटलेलं होतं. सांधा लाईलच्या हातचा होता.

एक वाक्य पुरेसं होतं. पण माणसं कान देऊन ऐकत होती. त्यातल्या निम्म्यांना त्याने स्वतः खोकी पारखून दिली होती. उद्या ती विचारतील, लाईल, तुझ्या हातची किती फिरताहेत बाजारात?

"प्लास्टिक एवढंच सांगतं की उघडलं होतं," लाईल म्हणाला. "कधी आणि कुणी, ते सांगत नाही."

कर्टने खोक्याकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. "रविवारी येऊ नकोस," तो डेनीला म्हणाला. "मुलींना काय सांगायचं ते मी बघतो." आणि तो दाराकडे चालू लागला. मजा संपल्यासारखी माणसं दुसऱ्या टेबलांकडे पांगली.

डेनी तसाच उभा राहिला. आता ऐकायला कुणी नव्हतं. लाईलने तोंड उघडलं, पण डेनीच आधी बोलला.

"तुमची चूक होत नाही म्हणतात."

"सांध्याच्या बाबतीत नाही," लाईल म्हणाला. एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

डेनीने मान हलवली. "मला त्या दिवसांतलं फारसं काही आठवत नाही हो. शिवणयंत्राचंसुद्धा आईने सांगितलं तेव्हा कळलं. याला मी हात लावला नाही, असं आज सकाळी मी शपथेवर सांगितलं असतं. पण तुम्ही भिंगातून बघितलंत. तुम्हाला काय पडलंय खोटं बोलायचं?" त्याने हात पुढे केला. लाईलने तो हातात घेतला. "बरं झालं, कळलं तरी. आमच्या व्यसनमुक्तीच्या बैठकीत सांगतात, केलेलं कबूल केल्याशिवाय सुटका नाही."

मग तो धावतच सुटला. काचेच्या दारापलीकडे गाड्यांच्या रांगांमध्ये कर्टची पाठ दिसत होती. डेनीने ढकललेलं दार उघडंच राहिलं, त्यामुळे लाईलला टेबलापर्यंत स्वच्छ ऐकू आलं.

"कर्ट, थांब! मीच केलं रे ते. मीच."